मेजावरची भाकर

वाशीमच्या आमच्या चर्चच्या मंडळीतलं कोणी जुनं माणूस भेटलं की अजून म्हणतं, "बाई, तुमच्या हातची प्रभुभोजनाची भाकर काय असायची!" मी मान खाली घालते. त्यांना तो विनय वाटतो. आज लिहूनच टाकते. ज्या भाकरीची ते आठवण काढतात ती मी केलेली नव्हती. पहिली पाच वर्षं त्या मेजावर माझ्या हातची एकही भाकर गेली नाही.

सत्तर साली लग्न होऊन मी वाशीमला आले. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, अकोल्यातला एक तालुका होता. नवरा तहसील कचेरीत कारकून आणि रविवारी चर्चात पेटी वाजवणारा. मला प्राथमिक शाळेत नोकरी लागली. मी वाढले ती नगरकडच्या एका मिशन हॉस्टेलात. तिथं जेवणघराच्या भिंतीवर ख्रिस्ताचं मोठं चित्र होतं. सोनेरी केस, निळे डोळे, हातात कोकरू. लहानपणी आम्ही मुली त्या डोळ्यांना भिऊन ताटातली भाजी संपवायचो. ख्रिस्त म्हटलं की मला तेच डोळे दिसत.

वाशीमच्या चर्चात काहीच नव्हतं. लांबट खोली, वर कवेलूंचं छप्पर, चुन्याच्या भिंती, म्हाताऱ्यांसाठी दोन बाक आणि बाकी सगळ्यांना सतरंजी. पुढे एक सागवानी मेज. भिंतीवर एक घड्याळ, तेही दहा मिनिटं मागे. पहिल्याच रविवारी घरी येताना मी नवऱ्याला विचारलं, "तुमच्या चर्चात येशूचं एक चित्रही नाही?"

तो म्हणाला, "महिन्याचा पहिला रविवार येऊ दे. मग बघ."

पहिला रविवार आला, प्रभुभोजनाचा. शेवटच्या जेवणात येशूनं भाकर मोडून 'हे माझं शरीर' म्हटलं, त्याची ही आठवण. मेजावर पांढरं कापड, त्यावर एक प्याला, आणि ताटलीत एकच भाकर. ज्वारीची, चांगली परातभर मोठी, जाडसर, कडेपासून कडेपर्यंत सबंध. प्याल्यातला रस पाळकीणबाई, आमच्या पाळकांच्या म्हणजे धर्मगुरूंच्या बायको, काळ्या मनुका भिजवून, कोळून करायच्या. भाकर मात्र माझ्या सासूबाई करायच्या. वीस वर्षं करत होत्या. वाशीमला पाव मिळत नव्हता असं नाही, पण पाव इथं कोणाच्या घरचं अन्न नव्हतं.

ती भाकर सबंध असली पाहिजे हा आमच्याकडचा कडक नेम. मंडळीतले एक वडील होते, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे पंच, रेल्वेतून निवृत्त झालेले पॉइंट्समन. उपासनेआधी ते ताटली खिडकीशी नेत आणि भाकर दोन्ही हातांनी उजेडासमोर धरत. कुठं चीर असेल तर उजेड दिसे. रुळावरचा सांधा तपासावा तशी ते ती भाकर तपासत. मला नवीन म्हणून त्यांनी सांगितलं, "सूनबाई, आपण चाळीस माणसं. कोणी दवाखान्यात, कोणी कचेरीत, कोणी वावरात. घरं चाळीस, भांडणं ऐंशी. पण प्रभू एकच आहे ना? म्हणून भाकर एक. पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर मोडेपर्यंत तिला तडा जाता कामा नये."

मग पाळकांनी ती मोडली. ज्वारीची भाकर मोडताना होतो तो कोरडा, लहानसा आवाज झाला आणि खोलीतलं खोकणंसुद्धा थांबलं. ताटली हातोहात फिरली. माझा तुकडा अजून कोमट होता. हॉस्टेलातलं चित्र मी किती वर्षं पाहिलं, पण ते कधी कोमट लागलं नव्हतं. नवरा काय म्हणत होता ते तेव्हा कळलं.

पुढच्याच हिवाळ्यात सासूबाई गेल्या. मातीनंतर आठवड्यानं ते वडील घरी आले. सासूबाईंची लाकडी काठवट, जिच्यात त्या फक्त तेवढीच एक भाकर मळत, ती पांढऱ्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेली होती. त्यांनी ती काढली, फडक्यासकट माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ही सेवा या घराची आहे. आता तुझी."

मी घेतली. मला भाकर येत नाही हे सांगायला तेवढा एकच क्षण होता, आणि तो मी घालवला.

हॉस्टेलात स्वयंपाकीण होती. आम्ही पोरी फार तर पोळ्या लाटायचो. घरी सासूबाई असेपर्यंत चूल त्यांची. मी शनिवारी दुपारी सराव केला. सात भाकरी थापल्या, सातही फाटल्या. एक काठवटीतच, दोन उचलताना, बाकीच्या तव्यावर. नवरा तीन दिवस ते तुकडे वरणात कुस्करून खात होता आणि म्हणत होता, "चव चांगली आहे, आकारच तेवढा नाही."

रविवारी पहाटे उठून पुन्हा बसले. नवरा चर्च उघडायला गेला. पहिली फाटली. दुसरी बरी थापली गेली. देवाचं नाव घेऊन उचलली आणि ती माझ्या मनगटावरून दोन तुकडे होऊन चुलीत पडली. मी तशीच उठून मागच्या दारात जाऊन रडत उभी राहिले.

आमच्या घरामागे तारेचं कुंपण होतं. पलीकडे एका बौद्ध कुटुंबाचं घर. त्या घरानं छप्पन साली धम्म घेतला तेव्हा ती तिथली नवी सून होती. आता तिशीची, तीन लेकरांची आई. निंदणाला, कापूस वेचायला जायची. आमची ओळख कुंपणावरून कोथिंबीर आणि विस्तव देण्याघेण्याची. ती अंगण झाडत होती.

"काय झालं वं मास्तरीणबाई? सासू आठवली काय?"

"भाकर फाटली," मी म्हटलं.

तिनं खराटा टेकवला. "भाकर फाटली म्हनून रडून राह्यली? दुसरी कर."

मी सगळं सांगितलं. एकच लागते, सबंध लागते, नऊ वाजता मेजावर लागते. तिनं सगळं ऐकलं, मग हात झटकले.

"आन इकडं ते पीठ. अन् ती काठवट बी आन. मी करून देतो."

इथल्या बाया 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. मला नवीन असताना त्याचं हसू यायचं. त्या सकाळी नाही आलं.

तिनं आधी हातपाय धुतले. पाणी खळखळा उकळलं, पिठात घातलं, जरा झाकून ठेवलं. मळताना तळहाताच्या टाचेनं असं रगडलं की काठवट पुढे सरकायला लागली. भाकर थापताना ती स्वतःच फिरते असं वाटत होतं. तिनं ती उचलली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. भाकर टम्म फुगली आणि हळू बसली. कुठं केसाएवढीही चीर नाही.

"घे. जाय पळत. गरम हाये तोवर ने."

चर्चात वडिलांनी भाकर खिडकीशी धरली. खूप वेळ धरली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सासू गेली असं वाटत नाही. सूनबाई, तुझ्या हातात प्रार्थना आहे." चार बायांनी माना डोलवल्या. पेटीमागून नवरा चकित होऊन माझ्याकडे पाहत होता. शनिवारचे तुकडे त्यानंच खाल्ले होते.

मी हसले. ओठ न उघडता.

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी फडक्यातली काठवट आणि पीठ घेऊन कुंपणाची खालची तार उचलून पलीकडे जायची. नवऱ्याला अर्थात कळलंच. त्यानं एकदाच विचारलं, "तू सांगणार आहेस, की मी सांगू?" मी म्हटलं, "मी सांगते, पुढच्या महिन्यात." त्यानं परत कधी विचारलं नाही. तो तसाच होता. आणि पुढचा महिना दर महिन्याला पुढेच असायचा.

मी का नाही सांगितलं? एक तर, ही सेवा मंडळीत बाप्तिस्मा झालेल्या बाईचीच, असा नेम होता. दुसरं, मला ती तारीफ गोड लागायला लागली होती. ही दोन कारणं मी माझ्या मनाला नेहमी सांगत आले. तिसरं सांगायला हात जड होतो. आमच्या मंडळीतली अर्धी घरं दोन पिढ्यांमागे तिच्यासारख्याच वस्तीतून उठून आलेली. माझं माहेरही त्यातलंच. आम्ही शिकलो, पगारावर लागलो, आणि चार लोकांत आपण कुठून आलो ते झाकून बसायला शिकलो. तिच्या अंगणाकडे आमच्या घराचं तोंड नव्हतं, पाठ होती, आणि ती पाठच राहावी असं मला आतून वाटत होतं. हे मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नसतं.

एवढं असूनही त्या सकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुखाच्या. तिची चूल अंगणात, लिंबाखाली. घरात भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याला दर रविवारी ताजं फूल. मी पाटावर बसायची, ती चहा उकळायची, नवऱ्यांची, शाळेची, मुकादमाची उणीदुणी निघायची. पण भाकर थापायला घेतली की ती एकदम गप्प. मी बोलत राहिले की हातानंच थांबवायची. एकदा विचारलं, तर म्हणाली, "तुमचा देव हिच्यात दिसते म्हनता ना तुमी? मंग त्याच्यासमोर कायले वटवट करा?"

मला आमच्या मंडळीतल्या बाया आठवल्या. ताटली फिरत असताना शेजारणीच्या लुगड्याचा पोत बघणाऱ्या. त्यांत मीही.

"तुझा विश्वास आहे का यावर?" मी विचारलं.

"मायावाला? नाही बापा. मी आपली बुद्धाची. पन तुया घरी पाहुना येनार, अन् त्याचं ताट मले वाढाले सांगतलं, तर मी नीट वाढीन का नाही?"

बहात्तरचा दुष्काळ आला. ज्वारी दिसेना. रेशनवर परदेशातला लाल मिलो मिळायचा. त्याची भाकर विटकरीच्या रंगाची आणि थापली की रेतीसारखी सुटणारी. मंडळीत प्रश्न निघाला. वडील म्हणाले, "हे असलं लाल धान्य मेजावर ठेवायचं? कुठून तरी शेर-पायली चांगली ज्वारी मिळवू." कोणी म्हणालं, केनवडच्या बाजारात अजून मिळते. पाळकसाहेब मवाळ माणूस, सायकलवरून खेडी फिरणारे, आवाज कधी न चढवणारे. ते एवढंच म्हणाले, "या महिन्यात तुम्ही घरी काय खाता?"

"मिलोच की. दुसरं काय आहे?"

"मग आपण लाल खायची आणि त्याला पांढरी वाढायची, म्हणजे तो आपल्या पंगतीत नाही असंच झालं."

लाल भाकर ठरली. पण ती सबंध कशी राहणार? मी कुंपणापलीकडे जाऊन सांगितलं. ती मिलोचं पीठ चिमटीत घेऊन नाकाला लावून म्हणाली, "हे जनावराचं खानं होय. पन पाहू." तिनं पीठ उकळत्या पाण्यात चांगलं शिजवूनच घेतलं, मूठभर उडदाचं पीठ घातलं, आणि नेहमीच्या दुप्पट वेळ मळलं. घामाची धार कानामागून उतरत होती. भाकर झाली. लाल, जाड, ओबडधोबड, पण एक.

वडिलांनी ती खिडकीशी धरली. ते मंडळीकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "मिलोची भाकर अख्खी! हिच्या सासूलाही हे जमलं नसतं." त्या दिवशी ती भाकर खाताना लोक रडले. तो इतका आमच्यासारखा कधीच दिसला नव्हता, असं पाळकीणबाई नंतर म्हणाल्या. मीही रडले. माझं रडणं दोन प्रकारचं होतं, आणि लोकांना एकच दिसलं.

अशी पाच वर्षं गेली. मग शहात्तरचा ईस्टर आला. त्या दिवशीही प्रभुभोजन असायचं.

ती आदल्या दिवशी म्हणाली, "इतक्या भाकरी केल्या, त्याचं पुढं काय करता तुमी ते एक डाव पाहाव म्हनतो. येऊ काय?" मी ये म्हटलं. नाही कशी म्हणणार? ती धुतलेलं हिरवं लुगडं नेसून आली आणि मागच्या सतरंजीवर, दाराशी बसली. बायांनी तिला सरकून जागा दिली, एकीनं गीतपुस्तक उघडून हातात दिलं. तिनं ते मांडीवर नीट ठेवलं. पाळकांनी भाकर मोडली तेव्हा मी वळून पाहिलं. ती मान उंचावून, आपली भाकर कशी मोडते ते बघत होती, जशी आई पोराला स्टेजवर बघते.

ताटली मागे गेली. ती धरून वडीलच फिरत होते. आमच्या आसपासच्या देवळांत, विहारांत काहीही वाटलं तर आलेल्या सगळ्यांना मिळतं, तसंच तिला वाटलं. तिनं डाव्या हाताचा आधार देऊन उजवा हात पुढे केला.

वडील थांबले. खाली वाकून, अगदी हळू, सभ्यपणानं म्हणाले, "बाई, हे बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं." आणि ताटली तिच्यावरून पुढे गेली.

तिनं हात मागे घेतला आणि पदराखाली ठेवला.

वडिलांचं काही चुकलं असं मी आजही म्हणत नाही. नेम होता, त्यांनी तो पाळला. त्यांना ठाऊक असतं की समोर कोण बसलंय, तर ते काय करते, मला माहीत नाही. ठाऊक फक्त मला होतं. मी तीन रांगा पुढे होते. माझ्या तोंडात तिनं केलेल्या भाकरीचा तुकडा होता. आणि मी तो चावला, गिळला, आणि पुढच्या गीताला उभी राहिले.

बाहेर चर्चच्या आवारातल्या लिंबाखाली ती माझी वाट पाहत होती. हसत होती.

"मास्तरीणबाई, गंमत पाह्यली काय? मीच केली, अन् मलेच नाही भेटली!"

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"तुयं काय चुकलं? त्या बुढ्याचं बी नाही चुकलं. मले काय मालूम तुमचे कायदे?" मग जरा थांबून म्हणाली, "पन त्या बुढ्याले मालूम नाही काय, कोन करते ते?"

मी पदराचं टोक नीट करत राहिले. तिला तेवढ्यानं कळलं. ती हसायची थांबली, पण रागावली नाही. चप्पल पायात सरकवत म्हणाली, "बरं. पोरायची जेवनं व्हायची हायेत. जातो."

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी ती नेहमीसारखी हात धुऊन बसली, आणि भाकर झाली. पण ताटली माझ्यासमोर आली तेव्हा मी ती तशीच पुढे दिली. आमच्याकडे ताटली पुढे जाऊ देणं ही लहान गोष्ट नाही. ज्याच्या मनात कोणाविषयी अढी आहे, जो काही झाकतो आहे, त्यानं आधी ते निस्तरावं आणि मग घ्यावं. म्हणून कोणी ताटली पुढे दिली की अख्खी मंडळी आठवडाभर अंदाज बांधत असते. जूनमध्येही मी दिली. बाया विहिरीवर बोलायला लागल्या. नणंदेनं नवऱ्याला विचारलं, "घरात काही आहे काय रे?" भाकर करणारीच भाकर घेत नाही, हे त्यांना पचेना.

शेवटी मी एका दुपारी शाळा सुटल्यावर पाळकसाहेबांकडे गेले. ते सायकलचं पंक्चर काढत बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, सुरुवातीपासून. त्यांनी ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडा कुठून येतो ते पाहिलं, त्या जागेवर बोट ठेवलं.

"पाच वर्षं आम्ही जे घेतलं ते खरंच होतं," ते म्हणाले. "त्याची काळजी करू नको. त्याला कोणाच्याही हातानं यायची सवय आहे. पण तारीफ तुझी नव्हती. ती ज्याची त्याला देऊन टाक. सगळ्यांसमोर घेतलीस, सगळ्यांसमोर दे."

प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी चार वाजता तयारीची उपासना असते. कोणाला काही बोलायचं असेल तर तेव्हा बोलतात. मी उठले. वडील समोरच्या बाकावर, डोळे मिटून. मी तोंड उघडलं आणि वाक्य मनात जसं पाठ केलं होतं तसं बाहेर आलं नाही.

मी म्हटलं, "प्रभुभोजनाची भाकर... मला येत नव्हती. मागच्या घरच्या ताईंनी, ईस्टरला आल्या होत्या त्यांनी, मला शिकवली. त्याचं श्रेय त्यांचं आहे. हे मी आधी सांगायला हवं होतं."

शिकवली. केली, असं म्हणायचं होतं. तोंडात आयत्या वेळी दुसरा शब्द आला, आणि तो इतका सोयीचा होता की मी तो बाहेर सोडला आणि खाली बसले.

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मंडळी मात्र खुलली. एवढंच होतं होय! वडिलांनी डोळे उघडले आणि त्यांचा चेहरा एकदम कोवळा झाला. "ईस्टरला आलेली ती बाई? अरेरे. आणि मी तिला..." मग म्हणाले, "उद्या तिला बोलवा. मेजाचं आपल्या नेमानं होईल. पण नंतर आपलं सहभोजन ठेवू, आणि तिला पहिल्या पंगतीत बसवू."

ती आली. उपासनेनंतर, जेवायलाच. चर्चासमोरच्या पटांगणात पंगत बसली, पाळकीणबाईंनी तिला स्वतः वाढलं. वडील तिच्यासमोर येऊन उभे राहिले, पगडी काढावी तशी डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "बाई, आमच्या सुनेला भाकर तुम्ही शिकवली. आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी तुमच्यावरून ताटली नेली, त्याचं मनाला लावून घेऊ नका."

तिचा घास हातातच राहिला. तिनं वडिलांकडे पाहिलं, मग पंगतीत समोर बसलेल्या माझ्याकडे. ती नजर फार लांब नव्हती, पण तेवढ्यात तिला सगळं कळलं आणि मलाही कळलं की तिला कळलंय. तिला एका शब्दात मला उघडी पाडता आलं असतं. चाळीस माणसं ऐकत होती.

ती म्हणाली, "हो जी. शिकवली. लय जड हात होता पोरीचा. शिकली हयूहयू."

सगळे हसले. मीही हसले असेन.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, शाळेतून येते तर ती माझ्याच चुलीसमोर बसलेली. फळीवरची काठवट खाली काढलेली, फडकं घडी करून बाजूला.

"ये. बैस."

"आज सोमवार आहे," मी म्हटलं.

"मले मालूम हाये. काल तुयासाठी मी चाळीस लोकाईत खोटं बोलली. मी खोटी राह्यनार नाही. तुले शिकाच लागन."

मी खाली बसले. तिनं माझे दोन्ही हात धरून पिठात घातले. "इथं जोर लाव, बोटायचा नाही, या टाचेचा. पानी उकळतं पाह्यजे, कोमट नाही. घाई कायले करतं? भाकर फिरते, तू नको फिरू." त्या आठवड्यात मी रोज तीन भाकरी फाडल्या. दुसऱ्या आठवड्यात दोन. ती शिव्या द्यायची, हसायची, माझ्या फाटक्या भाकरी आपल्या बकरीला घालायची आणि म्हणायची, "बकरी बी तोंड वाकडं करते पाह्य." पावसाळाभर हे चाललं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ती चुलीपासून चार हात लांब, उंबऱ्यावर बसली आणि तिनं हात बगलेत दाबून धरले. मी एकटीनं भाकर केली. कडेला थोडी जाड, मधे पातळ, पण सबंध.

वडिलांनी ती खिडकीशी धरली आणि म्हणाले, "आज जरा घाईत झाली का सूनबाई?"

मला इतकं हसू आलं की पदर तोंडाला लावावा लागला. त्या दिवशी मी ताटली पुढे दिली नाही. तुकडा घेतला. हाताला अजून चटक्याची आग होती, आणि तुकडा कोमट होता.

म्हणजे तिनं माझं खोटं खरं करून टाकलं. बहुतेक लोकांनी तेवढ्यावर समाधान मानलं असतं, आणि मीही वीस-पंचवीस वर्षं मानलं. माझ्या हातच्या भाकरी पुढे चांगल्या व्हायला लागल्या, पण लोक ज्यांची आठवण काढतात त्या पहिल्या पाच वर्षांच्याच. ती मिलोची लाल भाकर. दर वेळी कोणी तिचं नाव काढलं की मला तो शब्द आठवतो. शिकवली.

ते वडील आता नाहीत, पाळकसाहेब बदलून गेले. ती धाकट्या मुलाकडे इंझोरीला राहते, त्याची तिथं शेती आहे. गेल्या महिन्यात मी हे कागद घेऊन एसटीनं तिच्याकडे गेले. तिला डोळ्यांनी कमी दिसतं. मी ओसरीवर बसून सगळं वाचून दाखवलं. ईस्टरच्या जागी मी थांबले, तर म्हणाली, "वाच नं. पुढं काय झालं ते मले आयकाचं हाये," जसं काही ती तिथं नव्हतीच.

संपल्यावर तिनं विचारलं, "उडदाचं पीठ लिवलं ना? मूठभर म्हन. जास्त लिवशीन तर लोकाईची बिघडन."

"लिहिलंय, मूठभर."

"मंग झालं. हे चर्चात वाचनार काय?"

"येत्या पहिल्या रविवारी. उपासनेआधी. तू केलीस, असं म्हणणार आहे. शिकवलीस असं नाही."

"मी येतो आयकाले."

मी जरा चाचरले. "ताटली..."

"अवं, ताटली राहू दे तुमची तुमाले. मी बुद्धाची, मले काय करायची? तवा मालूम नव्हतं म्हनून हात पुढं केला." मग तिनं माझा हात शोधून घेतला आणि तळव्याच्या टाचेवर अंगठा दाबून पाहिला, तिथली कातडी किती जाड झाली आहे ते. "उपासना झाली का घरी ये म्हन मले. तुया हातची खाईन. अजून घाईत करतं का, ते पाह्यतो."

तिच्या सुनेनं ताटं आणली. ज्वारीची भाकर होती. तिनं आपली हातानं मोडली, आणि मोठा तुकडा न बघता माझ्या ताटात टाकला.